दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस

कोल्हापुरात जुन्या शिकारीच्या गप्पा निघाल्या की बंदूक उशिरा येते. आधी चित्ता येतो. वाघ आणि गवे ही दाजीपूरच्या जंगलाकडची गोष्ट. हरणाची शिकार म्हटली की जुन्या माणसाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो संस्थानाच्या पूर्वेकडचा उघडा माळ, बैलगाडी आणि तिच्यावर डोळ्यांना टोपी बांधून बसलेला चित्ता. चित्त्याकडून काळवीट धरण्याची ही शिकार देशात सगळ्यात शेवटपर्यंत ज्यांनी टिकवली, त्या संस्थानांत दोन नावं ठळक आहेत: कोल्हापूर आणि भावनगर. दोन्ही गाद्यांचा घरोबाही होता. शाहू महाराज आणि भावनगरचे भावसिंहजी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात एकत्र शिकले, पुढं धारवाडला त्यांचे शिक्षक फ्रेझर साहेब यांच्या हाताखालीही एकत्रच होते. ती मैत्री जन्मभर टिकली.

ही शिकार प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता जवळजवळ संपली. त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसंही साठी-सत्तरीला टेकली आहेत. मी त्यांतलीच एक. माझा पणजोबा चित्त्याची गाडी हाकायचा आणि आजा पोरवयात बैलांच्या वैरणपाण्याला त्याच्याबरोबर असायचा. म्हातारपणी आज्याला कालचं जेवण आठवत नसे, पण त्या बैलांची शिंगं, वशिंडं आणि खोडी बिनचूक आठवत. शिकारीच्या आठवणीनं त्याचा आवाज बदलायचा. त्या आवाजात काय होतं, याचा शोध मी बरीच वर्षं घेते आहे, आणि जे हाती लागलं ते नुसत्या कौतुकाचं नाही.

आधी शिकार कशी व्हायची ते नीट सांगते, कारण आजच्या वाचकाला ‘शिकार’ म्हटलं की मचाण आणि गोळी एवढंच दिसतं.

काळवीट हा मोकळ्या गवताचा प्राणी. शास्त्राच्या हिशेबानं तो सारंग कुळातला नाही, कुरंग कुळातला. त्याची पीळदार शिंगं दरवर्षी गळत नाहीत. माळावरच्या माणसाला मात्र तो हरीणच. त्याची नजर तीक्ष्ण, पाय त्याहून तीक्ष्ण. उघड्या माळावर पायी माणूस दिसला की कळप दूरवरूनच उधळतो. पण बैलगाडीला तो बिचकत नसे. शेताला खत घेऊन जाणाऱ्या, कडबा आणणाऱ्या गाड्या तो रोज बघायचा. या सवयीवरच सगळी शिकार उभी होती. गाडी कळपाच्या रोखानं सरळ कधीच न्यायची नाही. तिरकी न्यायची, जणू आपण दुसऱ्याच गावाला निघालोय. वळण घ्यायचं तेही मोठं. बैल थांबले की कळप मान वर करतो, म्हणून चाल मोडायची नाही. आजा म्हणायचा, “गाडीवानानं हरणाकडं बघायचंच न्हाई पोरी. बैलाच्या कानाकडं बघायचं.” हरणांची चाहूल बैलाच्या कानात आधी दिसते, असं त्याचं म्हणणं.

गाडीत चित्ता बसलेला. कमरेला आणि गळ्याला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक चित्तेवानाच्या मुठीत. डोळ्यांवर कातड्याची टोपी, कारण डोळे उघडे असले की चित्ता दिसेल त्याच्यावर झेपावेल आणि डाव फसेल. कळप टप्प्यात आला की चित्तेवान टोपी काढी आणि चित्त्याचं तोंड हरणांकडं वळवी. चित्त्याला हरीण ‘दिसलं’ की नाही हे त्याच्या अंगावरून कळतं. पाठ ताठ होते, डोकं खाली जातं, शेपटीचं टोक हलायला लागतं. मग दोरी सुटायची. चित्ता गाडीतून उडी मारून लगेच धावत सुटत नाही. गाडीच्या आडोशानं, खळग्यातून, गवतातून पोट जमिनीला लावून पुढं सरकतो, आणि कळपाला शंका आली रे आली की उसळतो. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जाणारा हा वेग. तो टिकतो मात्र काहीशे मीटरच. तेवढ्यात पुढच्या पंजानं हरणाच्या मागल्या पायाला फटका बसला, हरीण कोलमडलं आणि नरडं जबड्यात आलं, तर शिकार झाली. नाही जमलं, तर चित्ता पाठलाग सोडून देतो आणि माळावर धापा टाकत बसून राहतो. त्या वेळी त्याच्याजवळ जाऊन त्याला टोपी घालणं हे चित्तेवानाचंच काम, दुसरा कोणी पुढं जात नसे.

शिकार साधली तर चित्तेवानाला धावतच पोचावं लागे. चित्ता नरडं सोडत नाही, त्याला ओढूनही चालत नाही. चित्तेवान हरणाचा गळा चिरून रक्त लाकडी पळीत धरी आणि पळी चित्त्याच्या नाकासमोर आणी. तो रक्त चाटायला लागला की जबडा सुटे. त्याच क्षणी टोपी डोळ्यांवर. हरणाची एक तंगडी त्याच्या वाट्याची. चित्ता उपाशी ठेवूनही भागत नाही आणि भरपेट खाऊ घातला तर पुढं धावत नाही, तेव्हा किती द्यायचं याचा अंदाज हाताला असावा लागे.

सरावलेल्या चित्त्याला कळपातला काळा नर निवडायची सवय लावलेली असे. माद्या पिवळसर आणि बिनशिंगी. नर वयात येतो तसा काळा होतो, आणि कळपातला सगळ्यात काळा तो सगळ्यात मानाचा. जुन्या शिकारीचे चाहते हा नियम फार प्रेमानं सांगतात. गाभण मादी नाही, पाडस नाही, पुरा वाढलेला नर फक्त. आणि चित्त्याला चुकवून निसटला तर तो त्याच्या पायाच्या बळावर सुटला, त्याच्यामागं गोळी झाडायची नाही. रात्री जीपचा प्रकाशझोत टाकून हरणांना दिपवायचं आणि बंदुकीनं आडवं करायचं, हा प्रकार पुढं सुरू झाला तेव्हा आज्यासारख्या माणसांना त्याची किळस आली. मला त्यांची ही किळस खरी वाटते. पळणाऱ्याला पळायची जागा ठेवणारी शिकार आणि दिपलेल्या डोळ्यांवर नेम धरणारी शिकार यांत फरक आहे, आणि तो फरक मानणाऱ्या माणसांना मागासलेलं म्हणून हसण्यात अर्थ नाही.

चित्ता माणसाळवायची रीत तर ऐकत राहावी अशी. धरलेला रानटी चित्ता खाटेवर बांधून ठेवत. भोवती माणसं बसत, बोलत, रात्र रात्र बोलत, म्हणजे त्याला माणसाच्या आवाजाची सवय व्हावी. बायकापोरांनाही बोलत बसायला सांगत. मग टोपी घालून त्याला बाजारातून फिरवायचं, गलबला, कुत्री, घोडे सगळं कानावरून जाऊ द्यायचं. चित्ता आणि त्याचा रखवालदार थंडीत एकाच खाटेवर एकाच पांघरुणाखाली झोपतात, हे एकोणिसाव्या शतकात लॉकवुड किपलिंग यांनी हिंदुस्थानातल्या जनावरांवर लिहिलेल्या पुस्तकातही नोंदवलं आहे. चित्तेवान हे आडनाव कोल्हापुरात आजही आहे. काम गेलं, आडनाव राहिलं.

या परंपरेचं वय पाहिलं तर माणूस थक्क होतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजानं, सोमेश्वर तिसरा यानं, ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मृगयेचे कितीतरी प्रकार आहेत आणि चित्त्याकडून हरीण धरण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे आपल्या दख्खनच्या मातीत ही विद्या निदान नऊशे वर्षं जुनी. पुढं मोगलांनी ती कुठल्या कुठं नेली. अकबराच्या पदरी एका वेळी हजार चित्ते होते असं सांगतात, आणि आपल्या बापानं आयुष्यभरात नऊ हजार चित्ते जमवले असं जहांगीरनं लिहून ठेवलं आहे. चांगल्या चित्त्याला मानमरातब असे, त्याच्यापुढं नगारा वाजे.

आणि इथंच आठवणीच्या गोडव्याला खडा लागतो.

नऊ हजार चित्ते आले कुठून? सगळे रानातून धरलेले. चित्ता पिंजऱ्यात, खाटेवर, दोरीला बांधून पोसता येतो, शिकवता येतो, पण तो तिथं वीत नाही. मोगलांच्या एवढ्या मोठ्या चित्तेखान्यात पिल्लं झाल्याची नोंद एकच, 1613 ची, जहांगीरनं नवल म्हणून लिहिलेली. त्यानंतर माणसाच्या कैदेत चित्त्याची पिल्लं झाल्याची नोंद थेट 1956 ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मधली साडेतीनशे वर्षं दर चित्त्यामागं रानातला एक चित्ता कमी होत गेला. तोही लहान पिल्लू नव्हे. आईनं शिकार शिकवलेला, पुरा वाढलेला चित्ताच धरत, कारण पिल्लाला लहानपणापासून पाळलं तर त्याला धावून मारायची कला येत नाही. जो प्राणी प्रजा वाढवायच्या वयाचा, तोच नेमका उचलला जाई. माळ नांगराखाली गेले, हरणं घटली, इंग्रजांच्या अमलात चित्ता मारण्याला बक्षिसंही लागली. ही सगळी कारणं खरीच. पण ज्यांनी चित्त्यावर जीव लावला त्यांचा हातही त्यात होता, हे माझ्या घराण्याच्या आठवणीसकट मला म्हणावं लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशी चित्ते इतके दुर्मीळ झाले की संस्थानिकांनी आफ्रिकेतून मागवायला सुरुवात केली. 1918 ते 1945 या काळात असे दोनशेच्या आसपास चित्ते हिंदुस्थानात आले. कोल्हापूरचे शेवटच्या काळातले चित्ते आफ्रिकेचेच. म्हणजे राजाराम महाराजांच्या अमदानीत माळावर जे दृश्य लोकांनी डोळे भरून पाहिलं, त्यात शिकारीची रीत आपली, चित्तेवान आपला, बैल आपले आणि चित्ता परमुलखातला. आज्याला हे ठाऊक होतं. त्याच्या बापानं देशी चित्ता पाहिला होता की नाही, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही.

पुढचा शेवट झपाट्याचा. 1947 मध्ये मध्य भारतातल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्रीच्या वेळी तीन चित्ते मारले. देशातल्या चित्त्यांची ती शेवटची पक्की नोंद धरली जाते. 1952 मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. संस्थानं विलीन झाली, चित्तेखाने बंद पडले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं आणि त्याची शिकार हा गुन्हा झाला. हा कायदा हवाच होता. तो झाला नसता तर आज काळविटाचंही नाव चित्त्याशेजारी लिहावं लागलं असतं.

आता त्या शिकारीतल्या एका माणसाविषयी, ज्याचं नाव शिकारीच्या गप्पांत क्वचित निघतं. फासेपारधी.

चित्ता रानातून धरून आणणारा तोच. चित्त्यांना ठरावीक झाडं आवडतात. तिरक्या बुंध्याच्या अशा झाडावर ते चढतात, खोड ओरबाडतात, मुततात, खेळतात. पारधी ते झाड हुडकायचा आणि त्याच्याभोवती तातीचे फासे लावून दबा धरून बसायचा. हरीण धरण्याची त्याची स्वतःची रीत तर त्याहून बारीक. माळावर मेखा ठोकून फाशांची ओळ लावायची आणि कळपाला हलकेच तिकडं वळवायचं. किंवा पाळलेला काळा नर शिंगांना फास बांधून सोडायचा. रानातला नर आपल्या हद्दीत आलेल्या परक्याशी झुंजायला येतो आणि शिंगांत शिंगं अडकून धरला जातो. शिकवलेल्या गाईच्या आडून, तिच्या पावलाशी पाऊल जुळवत पाखरांच्या आणि जनावरांच्या जवळ जायचं. बंदूक नाही, घोडा नाही, लवाजमा नाही. हरणाचा स्वभाव जितका पारध्याला ठाऊक होता तितका कुठल्याही राजाला नव्हता.

शाहू महाराजांनी हे गुण ओळखले. इंग्रज सरकारच्या 1871 च्या कायद्यानं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळी कॅम्पाच्या आसऱ्याला आणलं, कामं दिली, पहाऱ्यावर विश्वासानं नेमलं. तो कायदा देशात रद्द झाला 1952 मध्ये. योगायोग असा की चित्ता गेल्याचं जाहीर झालं ते वर्षही तेच. पण कायदा गेला म्हणून पारध्याच्या कपाळावरचा शिक्का गेला नाही. त्याच्या हातातला फासा हे त्याचं पोट होतं. शिकारबंदी आली तेव्हा राजेरजवाड्यांची हौस गेली, पारध्याची भाकरी गेली, आणि तिच्या जागी दुसरी भाकरी देण्याची घाई कोणाला नव्हती. राजवाड्यातली शिकारीची चित्रं आपण तिकीट काढून बघतो. त्याच शिकारीचा वारसा पारध्याच्या झोळीत सापडला तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. कायदा सगळ्यांना सारखा असावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण हळहळ तरी सारखी असावी.

जुन्या शिकारीची हुरहुर लागलेल्या माणसांना मी ओळखते, त्यांच्यातच वाढले. त्यांना हरणाचं मटण आठवत नसतं. त्यांना पहाटेचा माळ आठवतो. कुसळांवरचं दव, तित्तिराची साद, नांगर न लागलेली जमीन क्षितिजापर्यंत. तो माळ आता बघायला मिळत नाही. आमच्या भागात पाणी आलं आणि ऊस आला. लोकांच्या घरात पैसा आला, पोरं शिकली. त्याला नावं ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही. शाहू महाराजांनीच राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, ते रयतेच्या पोटासाठी. पण सरकारी कागदावर गवताळ माळाची ‘पडीक जमीन’ झाली, आणि पडीक म्हटल्यावर ती कोणालाही द्यायला मोकळी. तिच्यावर जगणारी काळविटं, लांडगे, माळढोक, तणमोर यांना कोणी विचारलं नाही.

ज्याला तो माळ डोळ्यांनी बघायचा आहे त्यानं अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला जावं. 1980 मध्ये काळविटांसाठी राखलेलं हे अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं आहे, पण काळा नर मान मागं टाकून, शिंगं पाठीला टेकवून आपल्या हद्दीत चालतो तेव्हा त्याला मानाचा का म्हणत ते तिथं कळतं. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावरही काळविटं दिसतात. पाडसं बागडतात, कळप एकामागून एक उंच उड्या घेत निघतो, आणि गाडीरस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीकडं अजूनही तो फारसं लक्ष देत नाही.

17 सप्टेंबर 2022 रोजी मध्य प्रदेशातल्या कूनोत नामिबियाचे आठ चित्ते सोडले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेचे बारा आले. त्या दिवसांत कोल्हापुरात चित्त्याच्या गप्पांना पुन्हा ऊत आला. जुने फोटो बाहेर निघाले, मोबाइलवरून फिरले. मी ते फोटो फार बारकाईनं पाहिले. मधोमध राजे किंवा साहेब, पायाशी काळवीट, बाजूला चित्ता. साहेबाचं नाव खाली छापलेलं. काही फोटोंत काळविटाच्या शिंगांची लांबीसुद्धा दिलेली. आणि चित्त्याची दोरी धरून उभा असलेला फेटेवाला? त्याचं नाव कुठंच नाही. गाडीवानाचं नाही. पारधी तर चौकटीतसुद्धा नाही.

ती शिकार परत यावी असं मला वाटत नाही. एक काळवीटही त्यासाठी मरू नये. पण ज्या हातांनी टोपी घातली, बैल वळवले, फासे विणले, त्या हातांचं ज्ञान असं बेवारस जाऊ नये, एवढं मला मनापासून वाटतं. जनावर कसं बघतं, कशाला बिचकतं, काय केल्यानं शांत होतं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानं ठाऊक होतं. माळरानावर काम करणाऱ्या आजच्या तरुण अभ्यासकांना आणि वनरक्षकांना ते उपयोगाचं आहे. पारध्यांच्या पोरांना माळराखणीच्या, पक्षी आणि जनावरं मोजण्याच्या कामात पगारानं घ्यावं, म्हणजे आजोबांची नजर नातवाच्या कामी येईल.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, माळ्यावरच्या पेटीत, शिकारीचा जुना फोटो असेल तर तो काढा. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस जिवंत आहे तोवर त्याच्याजवळ बसा आणि फोटोतल्या प्रत्येक माणसाचं नाव विचारा, दोरी धरलेल्याचं आधी. गाव विचारा, साल विचारा. पेन्सिलीनं फोटोच्या पाठीवर लिहा, आणि एक प्रत जवळच्या वस्तुसंग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला द्या. टोपी, पट्टा, लाकडी पळी, फासा, यांतलं काही सापडलं तर भंगारात घालू नका. हे काम याच दिवाळीत करा, घरची सगळी जमतात तेव्हा.